भागीबाईची निगेटिव्ह

पंचवटी, नाशिक
१८ नोव्हेंबर २००२

मोहिनीस,

पाकिटावरचा पत्ता मुद्दाम आमच्या ह्यांच्याकडून लिहून घेतला आहे. माझं अक्षर पाहिलं असतंस तर पत्र न उघडता कपाटात टाकलं असतंस. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. काम माझं नाही.

परवा दुपारी आमच्या फुलांच्या दुकानात एक तरुण आला. शर्टावर सिमेंटचे डाग, हातात टोपी. मला वाटलं हार हवा असेल. विचारलं, तर म्हणाला, "हार नको. तुमी फोटूवाल्या ताई ना? हरसूलच्या बाजारात माझ्या आजीचा फोटू काढला व्हता तुमी."

त्याचं नाव किशोर. गंगापूर रोडला बिल्डिंगच्या कामावर आहे. आणि त्याची आजी म्हणजे आपली भागीबाई. काकड्या घेऊन बसलेली, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदलेली. आपण कॅमेरा काढल्यावर म्हणाली होती, "मला कशाला काढता? काकड्या काढा, त्या ताज्या हायत."

भागीबाई भाद्रपदात गेली गं.

तिचा नवरा काळूबाबा अजून आहे, पण दम्याने बेजार. तो रोज तिचा फोटो मागतो. आपल्या स्टुडिओवाल्या खंडेरावकाकांनी तेव्हा एक प्रिंट तिला नेऊन दिली होती, ती पेटीत होती. पेटीला ओल लागली आणि कागद कपड्याला चिकटून सोलून निघाला. मी विचारलं, दुसरा एखादा फोटो नाही का घरात? किशोर म्हणाला, "मतदानाच्या कार्डावर हाय. पण त्यात ती बाई हाय का बुवा, तेच कळत नाय."

ती निगेटिव्ह तुझ्याकडे आहे. कॅमेरा तुझ्या वडिलांचा होता, म्हणून त्या रोलच्या सगळ्या पट्ट्या तू घरी नेल्या होत्यास. ती एक पट्टी पाठव. दोन पुठ्ठ्यांमध्ये घाल, वाकवू नकोस, आणि रजिस्टर पोस्टाने पाठव. छापून झाली की परत करीन.

तो फोटो कोणी काढला होता, हा विषय मी काढणार नाही. काढला मीच होता, पण तो विषय आत्ता नाही.

छाया


पंचवटी
६ जानेवारी २००३

मोहिनी,

आधीचं पत्र परत आलं. पाकिटावर शेरा होता, 'पत्ता सोडून गेले'. ते या पाकिटात घालते आहे, ते आधी वाच.

नवीन पत्त्यासाठी नाशिकरोडला तुझ्या आईकडे गेले. मला वाटलं दारातूनच परत पाठवतील. त्यांनी पोहे केले. म्हणाल्या, "केवढी वाळलीस गं," आणि दुसरं काहीच विचारलं नाही. तुझ्या मुलीचे फोटो दाखवले. सगळे स्टुडिओत काढलेले, मागे रंगवलेला धबधबा. मी विचारलं, मोहिनीने काढलेले कुठे आहेत? तर म्हणाल्या, "ती आता कुठे काढते?" घरी येताना बसमध्ये तेच डोक्यात होतं.

मग लग्नाचा अल्बम काढला त्यांनी. मी तुझ्या लग्नाला आले नव्हते, हे तू विसरली नसशील. पण तुझ्या गळ्यातला तो निशिगंधाचा हार मी गुंफला होता. ऑर्डर आमच्याच दुकानात आली होती. माझे आबा म्हणाले, माणसाला देतो गुंफायला. मी म्हणाले, राहू द्या. त्या फोटोत फ्लॅश जास्त झालाय, हार नुसता पांढरा गोळा दिसतो. काढणाऱ्याने छतावर फ्लॅश मारायला हवा होता.

सध्या सिंहस्थाच्या तयारीने पंचवटी सगळी खणून ठेवली आहे. रविवार कारंजावर जायला वळसा पडतो, तरी काकांच्या स्टुडिओत जाऊन आले. वरचा माळा आठवतो ना? रविवारी सकाळी त्या दोरीला कपड्यांचे चिमटे लावून सगळ्यांच्या प्रिंटा टांगायच्या आणि काकांनी हात मागे बांधून एकेका प्रिंटसमोरून जायचं. "तिखट." "मचूळ." "बाद." एवढंच बोलायचे. मचूळ म्हटलं की तू लगेच वाद घालायचीस आणि मी घरी जाऊन रडायचे. त्यांचं ते एक्स्पोजरचं सूत्र मला अजून पाठ आहे. उन्हात सोळा, ढगात आठ, आणि सावलीत देवाचं नाव.

काकांच्या सबंध फोटो-मंडळात बायका आपण दोघीच. बाकीचे न मागता सल्ला द्यायचे. "ताई, जरा मागे व्हा." "ताई, लेन्सवर बोट आलंय." एकदा तर एकाने तुला कॅमेरा उलटा धरलायस म्हणून सांगितलं होतं आणि तू उभी फ्रेम घेत होतीस. कॅमेरा माझ्याकडे असला की आबांना कळू नये म्हणून मी तो फुलांच्या टोपलीत घालून आणायचे आणि तू म्हणायचीस, या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंना वास येतो.

माळ्यावर आता दोरी नाही. लॅबची मशीनं आली, अर्ध्या तासात रंगीत प्रिंटा मिळतात, काकांकडे कोण येतं? त्यांनी फोटो मोठे करायचा तो एन्लार्जर विकायला काढला आहे. होळीच्या आत डार्करूम रिकामी करायची म्हणतात. तिथे गॅस एजन्सीचं ऑफिस येणार. म्हणून घाई करते आहे. भागीबाईचा फोटो मशीनवर छापलेला मला नको.

आणि दुसरी घाई अशी की काळूबाबांना सिव्हिलला आणलं होतं. चार पावलं चालले की बसतात. किशोर सांगत होता, नर्सबाईलासुद्धा विचारत होते, फोटो आला का.

विषय काढणार नाही म्हणाले होते, पण आता लिहायला बसलेच आहे. त्या दिवशी कॅमेरा आपल्या दोघींच्या हातात फिरत होता. एकीने काढायचा, दुसरीने ओढणी धरून चेहऱ्यावर उजेड टाकायचा. नंतर दसऱ्याच्या झेंडूची तोडणी सुरू झाली आणि मला मान वर करायला वेळ नव्हता. प्रिंट तू केलीस, पुण्याच्या स्पर्धेला तू पाठवलीस, पहिलं बक्षीस आलं आणि प्रदर्शनात फोटोखाली तुझं नाव. मी सगळ्या मंडळासमोर तुला चोर म्हणाले. तू म्हणालीस, "मला आठवतंय. मीच काढला." आणि पायऱ्या उतरून गेलीस. तेव्हापासून मी कॅमेरा हातात धरलेला नाही. तूही धरला नाहीस हे मला तुझ्या आईकडून कळायला नको होतं.

पट्टी पाठव.

छाया


पंचवटी
२० फेब्रुवारी २००३

मोहिनी,

पाकीट पोचलं. पट्टी नीट आहे, एक ओरखडा नाही. डबीत सिलिका जेलची पुडी घालून ठेवली होतीस ना? ओलीचा वास अजिबात नाही.

सोबतची चिठ्ठी चार वेळा उलटून पाहिली. 'मॅट कागद घे, तीन नंबरचा.' बस, एवढंच. बरं, घेतला. ग्लॉसी घेणार होते, बरं झालं सांगितलंस. त्यांच्या घरात चूल आहे, धुराचा थर बसतो आणि चकचकीत कागदावर तो आधी दिसतो.

काकांनी डार्करूम झाडून ठेवली होती. लाल दिवा लावला, ट्रे मांडले. मी आधी बक्षिसाचीच फ्रेम लावली आणि कडा झाकायला गेले, कारण प्रदर्शनातली प्रिंट डावीकडून कापलेली होती, ते माझ्या डोक्यात पक्कं होतं. काका म्हणाले, "अख्खी छाप. कातरकाम नंतर."

कागद डेव्हलपरमध्ये टाकला. आधी तिचे केस आले, मग डोळे, मग हनुवटीवरचं गोंदण. मग डाव्या कडेला काहीतरी उमटायला लागलं. ताणून धरलेली पांढरी ओढणी, ती धरणारा हात, आणि उजव्या मनगटावर घड्याळ.

उजव्या हातात घड्याळ घालणारी आपल्यात तू एकटी.

म्हणजे ओढणी तू धरली होतीस आणि कॅमेरा माझ्या हातात होता.

मोहिनी, मी कितीदा मनात ठरवलं होतं की असा पुरावा हाती लागला तर काय काय करीन. मंडळातल्या एकेकाच्या घरी जाऊन दाखवीन. तुला एक कॉपी पाठवीन, मागे काहीही न लिहिता. पेढे वाटीन. प्रत्यक्षात मी ती प्रिंट पक्की व्हायला हायपोत टाकली आणि नळाखाली हात धुतले. पुन्हा धुतले.

काका म्हणाले, "बोल आता."

"काय बोलू?"

"सात वर्षं बोलतेयस की माझ्या डोक्याशी."

मी म्हणाले, "काका, तिने पट्टी पाठवली ना पण."

"पाठवली," ते म्हणाले, "आणि त्यात काय आहे ते तिला माहीत होतं."

मी प्रिंट उचलून पाण्यात टाकली. खरंच, तू नाही म्हणू शकली असतीस. हरवली म्हणाली असतीस तर मी मानलं असतं. कात्री लावून कड उडवता आली असती. रागवायला बसले होते, पण राग कुठून सुरू करायचा तेच सुचेना. वाईट एकाच गोष्टीचं वाटलं. तुला हे आधीपासून ठाऊक असेल, तर तूही ते एकटीनेच बाळगलंस. मग भांडणाचा फायदा कोणाला झाला?

पट्टीवर सहा फ्रेम आहेत. सगळ्या छापल्या. एकीत नुसत्या काकड्या आहेत, तिच्या सांगण्यावरून काढलेल्या. एक हललेली आहे, काकांनी सवयीने "बाद" म्हटलं. तरी छापली, कागद होता म्हणून.

किशोरला रजा मिळाली की त्याच्याबरोबर हरसूलला जाणार आहे. कळवीन.

छाया


पंचवटी
१२ मार्च २००३

प्रिय मोहिनी,

काल हरसूलहून आले. त्र्यंबकच्या पुढे रस्ता तसाच आहे, वळणं तशीच, आणि मला उलटी येते तीही तशीच. डोंगर करडे झालेत, मध्येच एखादा पळस पेटलेला. खिडकीतून बोटांची चौकट करून बघत होते. किशोरला वाटलं मला गरगरतंय.

काळूबाबा ओट्यावर घोंगडी टाकून बसले होते. दोन शब्द बोलले की थांबून श्वास घेतात. मी पाकिटातून आधी बक्षिसाचा फोटो काढला. मोठा केला होता, लाकडी चौकट करून नेली होती. त्यांनी हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि खाली ठेवला.

"ह्यो तर तिलाच आवडायचा नाय," म्हणाले.

मी म्हणाले, "म्हणजे?"

"पेटीत तिनंच घातला व्हता. भिंतीला लावू देईना. म्हणायची, मी काय पोलिसापुढं हुबी हाय का?"

किशोर खाली बघून हसायला लागला. त्याला हे माहीतच नव्हतं. मलाही हसू आलं, काय करू? पुण्याच्या परीक्षकांनी ज्या नजरेला 'करारी' म्हटलं होतं, ती भागीबाईच्या मते पोलिसापुढची होती.

मग बाकीचे पाच गोणपाटावर मांडले. काळूबाबांनी एकेकावरून बोट फिरवलं आणि त्या हललेल्यावर थांबले. त्यात ती मान मागे टाकून हसतेय, तोंडावर हात नेतेय, हाताच्या जागी नुसता पांढरट फराटा आहे. डोळे मिटलेले.

"ही," म्हणाले. "हीच हाय."

"बाबा, हा हललाय. चेहरा नीट आला नाही."

"ती कवा थांबली एका जागी?" एवढं म्हणून त्यांना खोकला आला. किशोरने पाणी दिलं. पाणी पिऊनही फोटो हातातून सोडला नाही. मग विचारलं, "कोणी काढला ह्यो?"

त्या फोटोत कडेला मी आहे, छापताना लक्षच गेलं नव्हतं. पाटीजवळ फतकल मारून काकडी खातेय. तेव्हा तो तुझाच. मग मला सगळंच आठवलं. बकरीने तुझ्या पिशवीतून फिल्मची डबी तोंडात धरली होती आणि तू "अगं ए बाई, दे ते" म्हणून बकरीशी बोलत होतीस. एका हाताने डबी ओढत होतीस, दुसऱ्या हाताने बटण दाबलंस. भागीबाई हसत होती आणि तूही हसत होतीस. म्हणून तर कॅमेरा हलला.

मी म्हणाले, "माझ्या मैत्रिणीने काढला."

"कुठं असती?"

"इंदूरला."

"तिला माणूस हसवता येतं," ते म्हणाले. "तिला आण. माझा बी काढायचा हाय. ह्या भिंतीला हिच्याशेजारी. पण पोलिसावाणी नको."

मी चौकटीतला बक्षिसाचा फोटो काढला आणि तुझा घालून दिला. किशोरने खिळा ठोकला.

सात वर्षं मी ज्या फोटोसाठी भांडले, तो माझाच निघाला. त्यांच्या घरात लागला तो तुझा. हे मी तुला टोमणा म्हणून लिहीत नाहीये, घडलं तसं सांगते आहे.

तर निरोप असा. काळूबाबांनी तुला बोलावलंय. मी पुढच्या महिन्यात दोघी येऊ असं कबूल करून बसले, तुला न विचारता. तुमचा आग्रा रोड थेट आमच्या द्वारका चौकात येतो. मुलीलाही आण. कॅमेरा कुठलाही आण, पण सेल बघून आण. काकांनी गॅसवाल्याला महिनाभर थांबायला सांगितलंय. एक रोल धुवायचा आहे म्हणाले.

तू यावंस असं मलाही वाटतं.

छाया


पंचवटी
२१ एप्रिल २००३

प्रिय मोहिनी,

सुखरूप पोचलीस हे फोनवर कळलं. तुझी लेक मालेगावपर्यंत झोपली नाही म्हणे. चिवडा पुरला का?

रोल धुतला. काकांच्या माळ्यावरचा तो शेवटचाच. काल गॅसवाल्यांचं टेबल वर चढवलं. सोबत सगळ्या फ्रेमांची एकत्र कॉन्टॅक्ट प्रिंट पाठवते आहे. आता ऐक. ओट्यावरचे सगळे फोटो मी अकराच्या अॅपर्चरवर घेऊ म्हणत होते, तू म्हणालीस आठ. तुझ्या आठवर पाठीमागची कुडाची भिंत पार उडाली आहे. पांढरी फटक. ऊन तिरपं असलं तरी एप्रिलचं ऊन ते एप्रिलचं ऊन. आणि कडेने घेतलेल्या दोनांत तू पुन्हा क्षितिज वाकडं केलं आहेस. काका म्हणाले, "हिचा डावा पाय आखूड आहे का बघ."

पण काळूबाबा हसलेत. तू त्यांना विचारलंस, भागीबाई तुमच्यावर ओरडायची का, तिथपासून पुढचे सगळे बघ. मला वाटतं त्यातलाच एखादा, पण ठरव तू. लाल पेन्सिलीने खूण करून लगेच पाठव. उशीर करू नकोस. किशोर सांगून गेला की आता ते उठून बसत नाहीत. भिंतीला खिळा मात्र ठोकून घेतलाय, पडल्या पडल्या दिसेल असा.

परतताना बसमध्ये तू जे सांगितलंस, त्यावर मी "अगं" एवढंच म्हणाले. त्या वळणांवर माझ्याकडून एवढंच होतं. तू म्हणालीस की प्रिंट कापताना हात मध्ये येतोय एवढंच पाहिलं, कोणाचा हात ते बक्षीस आल्यावर लक्षात आलं, आणि तोवर मी सगळ्यांसमोर तुला चोर म्हणून मोकळी झाले होते. मग कबूल करायला तोंड उघडेना. मोहिनी, मी तुझ्या जागी असते तर माझंही उघडलं नसतं. मी तर पट्टीही पाठवली नसती. हे तिथेच बोलायचं होतं, राहून गेलं.

तुझी लेक माझ्या दुकानातून गुलाबाच्या पाकळ्या घेऊन गेलीय आणि वहीत दाबून ठेवणार म्हणालीय. तिला सांग, वहीवर वजन ठेव, नाहीतर काळ्या पडतात. आणि तिला कॅमेरा हातात दे. वाकडं काढेल, काढू दे.

आणखी एक. रोलच्या शेवटी दोन फ्रेम अशा निघाल्या की ज्या मला ठाऊकच नव्हत्या. हरसूलच्या बाजारात मी काकड्या घेत होते आणि तू मला न सांगता माझे फोटो काढलेस. पहिल्यात मी भाव करतेय, तोंड वाकडं. दुसऱ्यात मी तुझ्याकडे वळून काहीतरी सांगतेय. कानाजवळचे केस पांढरे झालेत, हे मला आरशात कधी दिसलं नव्हतं. कॅमेरा आहे हे मला माहीत नाही आणि समोर तू आहेस एवढंच माहीत आहे, असा तो चेहरा आहे. काकांनी तो भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिला आणि बाद म्हटलं नाही, मचूळ म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही.

त्याच्यावर खूण मीच केली आहे. मला तो हवाय.

तुझी
छाया